माझ्या जबानीमुळे अडकलेल्या सुकरामला होळीआधी सोडणेबाबत

प्रति,
मेहेरबान मामलेदार साहेब,
तालुका तळोदा, जिल्हा पश्चिम खानदेश.

विषय : भाईदास शेठ यांस पळवून नेल्याच्या प्रकरणी माझी जबानी रद्द करून सुकराम यास होळीपूर्वी सोडणेबाबत.
संदर्भ : माझी जबानी, फाल्गुन शुद्ध पंचमीची.

महोदय,

१. मी सत्तर वर्षांचा असून खापरच्या बाजारात गोष्टी सांगणे एवढाच माझा उद्योग. येथील व्यापारी भाईदास शेठ यांस कोणीतरी पळवले व खंडणीची चिठ्ठी आली, त्या दिवशी पारावर सर्वांनी विचारले, "दोधूबाबा, तुले काय वाटस? कोन व्हई तो?" मला काहीच वाटत नव्हते. परंतु दहा माणसे तोंडाकडे पाहत असता गप्प बसणे मला आजवर जमलेले नाही.

२. समोर डोंगरातला सुकराम मीठ घ्यायला उभा होता. त्याच्याकडे पाहत पाहत मी चोर घडवला. चोर आंघोळ करत नाही, कारण नदीवर दिसायचे नाही. खाटेवर बसत नाही, कारण पळायचे असते. बायकोशी बोलत नाही, कारण बेत फुटेल. पारावर वाहवा झाली. फौजदार साहेबांनी ते लिहून घेतले आणि मी खाली सही केली. वर्णन जुळले म्हणून सुकरामला धरले.

३. साहेब, सुकरामने होळीचा नवस धरला आहे. त्याची मुलगी देवीच्या आजारातून उठली. होळीपर्यंत आंघोळ नाही, खाट नाही, बायकोशी शब्द नाही, हे डोंगरात पोरासोरांनाही माहीत. मलाही माहीत होते. बायको रूपलीबाई कोठडीवर भेटीस आली, त्याने पाठ फिरवली. फौजदार म्हणाले, झाला गुन्हा शाबीत. आपल्या गावच्या होळीपुढे तो नाचला नाही तर नवस मोडेल, आणि मोडलेला नवस मुलीवर उलटतो, असे ते लोक मानतात. चार दिवस उरले आहेत.

४. मी फौजदार साहेबांकडे खरे सांगण्यास गेलो. उत्तर मिळाले, "बाबा, पहिली जबानी इतकी बारकाईची आहे, ती खोटी कशी असेल?" सुकरामला अक्षर येत नाही, मग चिठ्ठी कोणी लिहिली, असे मी विचारले. तर साथीदाराचे वर्णन उद्या घेऊन ये, असा हुकूम झाला! आज बाजारात मी ज्याच्याकडे बघतो तो तोंडावर उपरणे ओढतो. इकडे शेठ कुठे आहेत, याचा तपास थांबला तो थांबलाच.

५. तरी होळीला कोणाला तरी कोठडीत ठेवणे सरकारास जरूरच असेल, तर मला ठेवावे. चोराच्या मनात काय होते, त्याने बेत कसा केला, हे आरंभापासून शेवटपर्यंत रचणारा इसम मीच आहे.

आपला अपराधी व नम्र,
दोधू छगन माळी, रा. खापर
(सही दस्तुरखुद्द)
फाल्गुन शुद्ध एकादशी, सन १९३६

सोबत : अर्जदार स्वतः. कचेरीच्या ओट्यावर बसला आहे. घोंगडी बरोबर आणली आहे.