बार्टली मॅनियनचं फावडं आणि नऊ शब्द

मी, शिबेल गिल, फेस्टी गिलची विधवा, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार लेटरशाना, समुद्राकडचं शेवटचं घर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र सांगते. दडपण आणणारे सगळे मेले. डोकं जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

मला अक्षर येत नाही, म्हणून शाळेचा मास्तर टायग मॅनियन लिहून घेत आहे. या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं उतरवायचं, अशी त्याला ताकीद आहे. शेवटी पोस्टवाली उना मला हे वाचून दाखवील. एक वाक्य जरी गळलं असलं तरी मी फुली मारणार नाही.

उद्या मे महिन्याचा पहिला दिवस. उद्या घरातून विस्तव, दूध, मीठ काहीच बाहेर देत नाहीत, बरकत त्यामागे जाते. म्हणून जे द्यायचं ते आजच.

पहिलं. घर, तीन शेतं, गाय आणि वासरू मुलगा कोलमन याला. हे मिळावं असं त्याने काही केलेलं नाही, पण काही बिघडवलंही नाही, तेवढी त्याला हिंमतच नाही. गोल कड्याच्या शेतातलं काटेरी हॉथॉर्नचं झाड त्याला तोडायचं असेल तर तोडावं. तो तोडणार नाही. ते झाड टेकडीच्या पोटात राहणाऱ्या अदृश्य लोकांचं, म्हणतात; त्या टेकडीवाल्यांना भितो. बायकोलाही भितो, पण तिला तोडता येत नाही.

सून डेलिया हिला लोणी घुसळायचं पिंप. तिच्या हाती लोणी येत नाही. म्हणते, शेजारणीने मेच्या पहिल्या पहाटे आमच्या शेतातलं दव टिपून लोणी पळवलं. डेलिया, शेजारीण नऊ वाजेपर्यंत घोरत असते. पिंप उकळत्या पाण्याने धुवत जा.

चहाच्या डब्यातले पैसे माझ्या मयताच्या तंबाखूला आणि व्हिस्कीला. रडायला बाहेरच्या बाया बोलावू नयेत. ज्याला रडायचं असेल त्याने आपल्या खर्चाने रडावं.

दुसरं. मला देवळाच्या आवारात फेस्टीशेजारी पुरू नये. ती जागा ज्याला हवी त्याने घ्यावी. मला कड्याच्या शेतात, मातीच्या त्या जुन्या गोल बांधाच्या, म्हणजे कड्याच्या, आत, पूर्वेकडच्या पांढऱ्या दगडापाशी पुरावं.

मास्तर थांबला. म्हणतो, "आजी, तिथे बाप्तिस्मा न झालेली पोरं पुरतात."

पुरतात. आणि एक झालेलंही आहे. लिही.

तिसरं. दाराआडचं लोखंडी फावडं. ते आमचं नाही, मॅनियनांचं आहे. बावन्न वर्षं मी त्याने शेण काढलं. ते बार्टली मॅनियनच्या मुलाला, म्हणजे या मास्तरला, परत द्यावं.

मास्तर विचारतो, "आमचं फावडं तुमच्याकडे कसं?"

दोन वर्षं तू वही घेऊन माझ्या चुलीपाशी बसतोस ना रे? जुन्या श्रद्धा सांगा, टेकडीवाले माणसाचं मूल नेऊन आपलं म्हातारं बदली ठेवतात ते सांगा, डब्लिनच्या लोकांना फार कौतुक आहे. मी तुला चांभाराच्या गोष्टी सांगितल्या, बोलणाऱ्या मांजराची सांगितली. ही राखून ठेवली होती.

माझी थोरली सॉर्का. चार वर्षांची असताना तिला ताप आला. ताप गेला आणि बोलणंही गेलं. खायची, पण वाळत चालली. तुझा बाप अंगणात येऊन म्हणाला, "फेस्टी, ही तुझी पोर नाही. तुझी त्या गोल कड्याच्या आत, टेकडीवाल्यांकडे आहे. याला हाकललंस की ती येईल." शहाणा माणूस, सगळे त्याचं ऐकायचे. तो जांभळ्या घंटाफुलांच्या विषारी पानांचा रस आणि हे फावडं घेऊन आला. मला सासूने आणि फेस्टीने धरलं. त्याने तिला तीन चमचे पाजले, फावड्यावर बसवून दाराबाहेर शेणाच्या ढिगावर ठेवलं आणि तीनदा ओरडला, "जा तुझ्या माणसांत!" ती माझ्याकडे हात करत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तो म्हणाला, "बघा, पळालं." आपलं नव्हतं, मग देवळाच्या आवारात कशाला, म्हणून कड्यात पुरली. फेस्टी तीन वर्षं सणासुदीला बांधावर जाऊन बसायचा, खरी सॉर्का पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. मी त्याला कधी घोंगडी दिली नाही.

टेकडीवाले आहेत की नाहीत, मला विचारू नका. त्यांच्यात माझी मुलगी नव्हती, एवढं मला माहीत आहे.

उना म्हणते, "बाई, हे लिहायलाच हवं का?" लोहार मायलो टियर्नी म्हणतो, "बोलू दे तिला. बावन्न वर्षं दात आवळून बसली आहे."

चौथं आणि शेवटचं. माझ्याकडे रक्त थांबवायचे शब्द आहेत. मामाने दिले. पुरुषाने बाईला द्यायचे, बाईने पुरुषाला, म्हणून डेलियाला देता येत नाहीत. कोलमन कोंबडी कापताना बेशुद्ध पडतो. मास्तर मात्र दोन वर्षं "तेवढे शब्द सांगा आजी" म्हणून मागे लागला आहे. त्याला देते. अट एकच. कानात एकदा सांगेन. कागदावर उतरले तर ते पाणी झाले, मग डब्लिनवाल्यांनी त्याने हात धुवावेत. वहीत ठेव, नाही तर तोंडात ठेव.

पण आधी हे लिही. तू चार महिन्यांचा असताना ओटचं पीक कापताना तुझ्या बापाच्या मांडीत लांब दांड्याचा विळा घुसला. तुझी आई सबिना दोन शेतं ओलांडून धावत आली. मी गाय पिळत होते. ती म्हणाली, "शिबेल, रक्त थांबत नाही गं, शब्द म्हण!" तुला एवढंच ठाऊक आहे, की शिबेल त्या दिवशी बाजाराला गेली होती. सबिनाने तसंच सांगितलं सगळ्यांना. खरं सांगायचं तर तिला फावड्याचंही सांगावं लागलं असतं.

मी तिला म्हणाले, "अगं, तो बार्टलीच कशावरून? खऱ्याला टेकडीवाल्यांनी नेलं असेल. हा गेला की तो येईल. वाट बघ." आणि उरलेलं दूध पिळलं.

मास्तर, लेखणी उचल. "पिळलं" इथपर्यंत झालं.

तू शिकलेला आहेस. म्हणशील, शब्दांनी कुठे रक्त थांबतं? मग मी तुझ्या बापाला मारलं नाही, आणि तू दोन वर्षं एका म्हातारीची बडबड गोळा केलीस. थांबतं म्हणशील, तर मारलं. दोन्हीपैकी काय मानायचं ते मी तुला वारशात देते. माझ्याकडून त्यावर काही सांगणं नाही.

आता कान इकडे कर. उना, मायलो, तुम्ही भिंतीकडे तोंड करा.

दिले. साक्षीदारांनी देताना पाहिलं नाही, दिल्यावर पाहिलं. मास्तर बोटांवर मोजतो आहे. नऊच आहेत रे, पुन्हा मोजू नकोस. या शब्दांसाठी जखमेजवळ जावं लागत नाही. फक्त माणसाचं नाव घालावं लागतं. मला नाव पाठ होतं. दुधाची बादली खालीसुद्धा ठेवावी लागली नसती.

रडायचं असेल तर कागद बाजूला कर, शाई ओली आहे. जाताना फावडं घेऊन जा.

हे सर्व मला वाचून दाखवलं. काही गळलेलं नाही. बार्टलीचा मुलगा कच्च्या मनाचा नाही निघाला.

शिबेल गिल, तिची फुली: ✕

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळत नाही:
उना फोली, पोस्ट
मायलो टियर्नी, लोहार

लेटरशाना, 30 एप्रिल 1938, दुपार

लिहिणारा: टायग बार्टली मॅनियन. मजकूर सांगितल्याप्रमाणे उतरवला. शब्द लिहिलेले नाहीत.