एका ओळीची खंडणी

२३ एप्रिल
मारला! हिंटरबाखचा मे-खांब आमच्या कोठारात! अख्खं झाड, सोलून गुळगुळीत केलेलं; एक मेच्या सणाला गावोगावी असा एकेक उभारतात. त्यांचे राखणवाले मॅच बघायला आत गेले आणि आमच्या कोर्बीनं ट्रॅक्टर लावला. मी पुढे, रस्त्यावर डोळा ठेवून. हद्द ओलांडली की खांब आमचा. एक मेला उभारायचाय? मग खंडणी द्या!
पोरं म्हणाली, बिअर. दरवर्षी बिअरच. मी म्हटलं, यंदा गाणं.

२४ एप्रिल
मार्चमधलं अजून डोक्यातून जात नाही. स्कीची शर्यत मी जिंकले. पायरीवर उभी, गळ्यात पदक, राष्ट्रगीत सुरू. त्यातल्या 'थोर मुलग्यांचा देश' या ओळीत मुलीही केव्हाच घातल्यात, कायद्यानं. शाळेतलं माझ्या लक्षात राहिलेलं तेवढंच! पण हिंटरबाखचे बाप्ये मुद्दाम जुनंच ओरडले. नुसते मुलगे. माझ्याकडे बघत! त्यांचा बँडमास्तर गॉटहार्ट वर म्हणतो, "आमचं आपलं जुनंच बरं, पोरी. छान घसरलीस हं."
मग आता म्हणा. खांब परत घेताना, सगळ्यांसमोर, मोठ्यांदा — मुली!
कोर्बीनं टाळी दिली. "बुर्गे, म्हाताऱ्याचं तोंड बघायचंय मला!"

२५ एप्रिल
बोलणी करायला कोर्बी एकटाच गेला. "तू आलीस तर गॉटहार्ट भडकेल." पटलं मला. गाढव मी!
आल्यावर म्हणाला, "ठरलं."

२७ एप्रिल
खांबाला हार, दोन्ही गावं, बँड. मी सगळ्यांत पुढे. ती ओळ आली — मुलगे. नुसते मुलगे. वाटलं, चुकले असतील. मागे वळले. आमची पोरंही तेच म्हणत होती. कोर्बीसुद्धा! बुटांकडे बघत.
'मुली' मी एकटीच म्हटलं. कुणीतरी खिक् केलं.
मग बिअरची पिंपं फोडली. दरवेळी दोन असतात, आज तीन.
कोर्बी म्हणाला, "अगं, एका शब्दाचं काय एवढं! तो सोडला म्हणून वर एक पिंप दिलं त्यांनी. ये, पी."
नाही प्यायले. चालत घरी.

२८ एप्रिल
कोर्बी दारात. "रुसलीस होय? गंमतच होती ना सगळी?"
गंमत! शर्यतीच्या सकाळी माझ्या स्कींना मेण यानंच लावलं होतं. पदक बघून माझ्याआधी हाच रडला होता.

२९ एप्रिल
बेकरीत मी कामावर असताना हिंटरबाखच्या तीन पोरी आल्या. ब्रेड घेतलाच नाही. त्यातली एक गॉटहार्टची नात. "परवा तुझा आवाज ऐकू आला आम्हाला," म्हणाली.

३० एप्रिल
आमच्या गावचा खांब गेला, हिंटरबाखला. भरदुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना. राखणीला मी होते; ट्रॅक्टर घेऊन आल्या बेकरीतल्या त्या तिघी.
ट्रॅक्टरला साखळी मीच बांधली.