पुढच्या पिना कोरड्या आहेत

बुकित पंजांग, सिंगापूर
८ ऑक्टोबर २०२५

श्री. निशिकांत यांस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. अंकुरला त्याचं चांगी बिझनेस पार्कमधलं ऑफिस कधी बोलावतं, कधी घरी बसवतं. सूनबाई मीनल रोज पाया लेबारला ऑफिसात जाते. श्रिया शाळेतून येते आणि माझ्याशी इंग्रजीत भांडते. तुमचीही तब्येत उत्तम आहे, असं तुम्ही रोज फोनवर सांगता. त्याविषयी पुढे लिहिते.

पत्र का, असं विचाराल. फोनवर मी ट्रॅक्टरचा विषय काढला की तुम्हाला ऐकू येईनासं होतं. "रेंज नाही, मेधा," हे मात्र तुम्ही अगदी खणखणीत आवाजात सांगता. कागदाला रेंज लागत नाही. खालच्या मजल्यावरचा तन्मय उद्या पुण्याला निघालाय, तो सासवडला आणून देईल.

खंडेनवमीच्या पूजेचा फोटो पाहिला. झेंडूची माळ छान. पण ग्रीसच्या निपलांवर हळदकुंकू लावायला कुणी सांगितलं? निपल म्हणजे ट्रॅक्टरचं कपाळ नव्हे. त्याच्या टोकाला बारीक गोळी असते, तिथून ग्रीस आत जातं. आता तुम्ही पंप लावाल तेव्हा ग्रीसच्या आधी कुंकू आत जाईल, आणि बेअरिंगला सौभाग्याची गरज नसते. आधी फडक्यानं निपल स्वच्छ पुसायचं. मग पंप दाबायचा. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन त्यामागून नवं दिसलं की थांबायचं, आणि बाहेर आलेलं पुसून टाकायचं. नाहीतर त्यावर माती बसते आणि पॉलिश पेपरसारखं सगळं घासत राहते. हे मी तुम्हाला ट्रॅक्टर घेतला त्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही पेढे वाटत होतात.

आणि तो फॅन बेल्ट! पट्टा कुईकुई करतो म्हणून तुम्ही त्याला ग्रीस चोपडलंत आणि वर अंकुरला अभिमानानं कळवलंत. "बाबांनी आवाज बंद केला," म्हणाला. बंद होणारच. पट्टा आता नुसता घसरतोय, पंखा फिरत नाही, इंजिन तापून बसेल. बँकेत नोकरीला असताना सह्या करण्याआधी कागद वाचत होतात ना? मग ट्रॅक्टरबरोबर आलेलं पुस्तक का वाचवत नाही? पुली पुसून घ्या, नवा पट्टा टाका. तोवर इंजिनाला किल्ली लावायची नाही.

मी इथे रिकामी बसलेली नाही. फ्लॅटमधल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. मीनल म्हणाली, "आई, अहो, भाड्याचा फ्लॅट आहे!" मग? भाड्याच्या दारानं करकरलंच पाहिजे का? परवा इथल्या पुलावरून धावणाऱ्या एलआरटी गाडीच्या रुळांखालच्या हिरवळीवर एक माणूस छोट्या ट्रॅक्टरसारख्या यंत्रावर बसून गवत कापत होता. पुढच्या चाकाशी कोरडं करकरत होतं. मी हात करून त्याला थांबवलं आणि हिंदीत विचारलं, याला शेवटचं ग्रीस कधी दिलंत? तो घाईघाईनं उतरला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "सॉरी मॅडम, टुमॉरो मॅडम." मी तपासणीला आलेली कुणी अधिकारी आहे, असं त्याला वाटलं. श्रिया लांब जाऊन अनोळखी असल्यासारखी उभी राहिली. नंतर म्हणाली, "आजी, नॉट युवर ट्रॅक्टर लाह!"

बरोबर आहे. माझा ट्रॅक्टर सासवडला आहे.

आता मुद्दा. अंकुरनं माझ्यासाठी इथे कायम राहता यावं म्हणून लाँग टर्म पासची तयारी केली आहे. शुक्रवारपर्यंत हो म्हण, म्हणतो. मी विचारलं, आणि बाबा? तर म्हणाला, "अगं, बाबाच म्हणाले, आईला तिथेच ठेव, माझं इथे उत्तम चाललंय."

त्यानंतर मी बिजागऱ्या सोडून कुणाशी धड बोलले नाही.

मग तो फोटो पुन्हा काढला आणि मोठा करून पाहिला. रागात होते, तुमच्या आणखी चुका हव्या होत्या. मागची, अवजारं जोडायची लिंकेज ग्रीसनं थबथबलेली. स्टिअरिंगखालची जागाही तशीच. कुंकूही तिथेच. आणि पुढच्या ॲक्सलची मधली पिन, चाकांजवळच्या पिना? कोरड्या ठणठणीत, वर चिखल वाळलेला. ना ग्रीस, ना कुंकू. उभ्यानं हात पोचतो तिथे सगळं, वाकावं लागतं तिथे काहीच नाही. ग्रीसच्या कामात तुम्ही टंगळमंगळ कराल, पण पूजेत कधीच नाही. दरवर्षी पुढच्या चाकांपाशी मांडी ठोकून बसता आणि उठवावं लागतं.

म्हणून बागेत कामाला येणाऱ्या सविताला फोन केला. ती म्हणाली, "साहेब अंजिराच्या सरीत घसरून पडले. कंबर धरलीय, काठी घेऊन चालतात. बाईंना सांगू नको म्हणालेत. मी कुठं सांगितलं? तुम्हीच विचारलंत."

तर "उत्तम चाललंय" ते असं.

पासाला नको म्हणून सांगून टाकलं आहे. तन्मयच्या विमानात जागा मिळाली नाही, त्यामुळे पत्र पुढे, मी मागे, रविवारी पोचते. तोवर डॉक्टरांकडे जायचं आणि एक्स-रे काढायचा. गरम पिशवीवर भागवायचं नाही. ट्रॅक्टरखाली शिरायचा तर विचारही करायचा नाही. मी आले की पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून, खाली ठोकळे लावून, मी शिरेन. तुम्ही खुर्चीत बसायचं आणि मागेन तो पाना द्यायचा. सूचना करायच्या नाहीत.

अंकुरनं विचारलं, एवढी घाई कसली? मी म्हटलं, पुढच्या पिना झिजतील. त्याला ते पटलं.

तुम्हाला पटू नये, एवढीच अपेक्षा.

तुमची,
मेधा