एकसष्ट बेजार

बेळगाव,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, सन १९३८

प्रिय ब्राह्मी,

अक्षर ओळखलंस का? तुझ्या वहीच्या कडेला तांबड्या शाईनं ‘सुवाच्य लिहावे’ असं लिहून लिहून जिनं तुला जेरीस आणलं, तीच ही जयाबाई, तुमच्या वसतिगृहाची देखरेख करणारी. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. तुझी तारामती ठणठणीत आहे. बहीण धाकटी खरी, पण जेवायला तुझ्या दुप्पट.

मागच्या पडवीत बसून लिहितेय. मुलींची जेवणं नेहमीसारखी सूर्य मावळायच्या आत उरकलीत आणि कंदील लावायला अजून अवकाश आहे. ही मधली वेळ तुला आठवत असेल. पिरनवाडीच्या बाजूनं धुकं येतं, आधी शेतं पुसतं, मग रस्ता, मग आपलं कुंपण. अशा वेळी मी बेळगावात नसतेच. जांबोटीला आमच्या अंगणात असते, गुरं परतत असतात आणि आई मला हाका मारत असते. आवाज येत नाही, नुसते ओठ हलताना दिसतात. चाळिशी उलटलेल्या बाईनं असलं काही लिहावं म्हणजे तू हसशील. हस बापडी.

याच वेळेला तू माझ्याकडे आली होतीस. तेरा वर्षांची, दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. म्हणालीस, “बाई, मला लई बेजार व्हायलंय.” मी कपाळाला हात लावला, जीभ पाहिली, दुखण्याच्या वहीत तुझ्या नावापुढं ‘बेजार’ लिहिलं आणि किराइताचा काढा पाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, तेव्हा मी काढा दुप्पट केला आणि तू निमूट प्यायलीस. आमच्या जांबोटीकडं बेजार म्हणजे दुखणाईत. कानडी मला भाजीबाजारापुरती येई. चौथ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत तुझी जागा रिकामी होती. दिवसभर शोधून तू सापडलीस ती निपाणीच्या रस्त्यावर, काकतीच्या पुढं, एका वडाखाली. पायांना फोड आले होते.

तुझे वडील भूपालअण्णा तुला न्यायला आले तेव्हा मला म्हणाले, “बाई, आमच्या घरात कानडी चालतंय. बेजार म्हंजे दुखणं न्हवं. पोरीला करमत न्हवतं, मन उदास झालतं, तेवढंच ती सांगत हुती.” ते रागावून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी गत. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून, तू शाळा सोडून घरी का आलीस याला त्यांनी गावात हिवतापाचं कारण सांगितलं. तुझ्या सासरीही तेच ठाऊक आहे, असं तारामती म्हणाली.

तू गेल्यावर मी या पडवीपुढं अबोलीचे वाफे केले. जिला काही सांगायचं असेल तिनं या मधल्या वेळेला झारी उचलायची आणि माझ्याबरोबर पाणी घालायचं. बोलली तर बोलली, नाही तर दोघी गप्प. तिथलं बोलणं तिथंच राहतं. वहीत मी नाव घालत नाही, एकच शब्द लिहिते: बेजार. पुढचा औषधाचा रकाना कोरा ठेवते. मुलींनी याला ‘अबोलीला पाणी घालणं’ असं नाव पाडलंय. झाडं पाण्यानं कुजायची वेळ आली, पण मुली येतात.

तारामती जूनमध्ये आली, पावसाळाभर हुंदडली. दिवाळीला घरी जाऊन परतली आणि पाचव्या दिवशी तुझ्याच सुरात तेच वाक्य म्हणाली. मी तिच्या हातात झारी दिली. अकरा संध्याकाळी तिनं रडत पाणी घातलं. बाराव्या संध्याकाळी मला साफ विसरून ती लंगडी खेळायला पळाली. मी वाफ्यात एकटीच उभी राहून हसले, मग थोडी रडलेही. हे तुला सांगायला तिची ना नाही, कमिटीला मात्र सांगू नका म्हणते.

वसतिगृह चालवणारी ही कमिटी गेल्या आठवड्यात आली, माझ्या उपक्रमाचा उपयोग होतो की नाही ते तपासायला. अध्यक्ष श्रीपालआप्पा मनानं चांगले आहेत, मुलींसाठी गुळाची ढेप घेऊन आले होते. त्यांनी दुखण्याच्या वह्या मागवल्या. तू होतीस त्या वर्षी वहीत नऊ बेजार. यंदा एकसष्ट. आप्पांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “औषध सुरू केल्यावर रोग वाढला, तर ते औषध चालू ठेवत्यात काय, बाई?” मी पुष्कळ सांगितलं. आधीही इतक्याच मुली उदास असणार, फक्त आम्हाला सांगत नसणार. ते म्हणाले, दाखला द्या. आता जी मुलगी पळून गेली नाही, तिचा दाखला कुठून आणू? सोमवारपर्यंत काही लेखी दिलं नाही, तर ही वेळ बंद करून पाठांतराला द्यायची, असं ठरलंय.

म्हणून हे पत्र. माझ्याकडे एकच दाखला आहे आणि तो तू आहेस. तुझं नाव, ते तीन काढे आणि तो वड मला कमिटीपुढं मांडू देशील का? हिवतापाची गोष्ट त्यानं खोटी पडेल, सासरी प्रश्न येतील, हे मला कळतं. तू नको म्हणालीस तर मी गप्प बसेन, वाफे मोडले तरी. पण होकार असो की नकार, एक गोष्ट मी सहा वर्षं लिहायची टाळली, ती आज लिहिते. तू बरोबर शब्द वापरला होतास, ब्राह्मी. चुकले ते माझे कान. मला क्षमा कर. आणि उत्तर मराठीतच लिहायला हवं असं नाही. तुझ्या घरच्या कानडीत लिही, सुवाच्य नसलं तरी चालेल. मी शिकलेय आता.

तुझीच,
जयाबाई