सल्ला की हुकूम

४ जुलै, चंद्रपूर
विभागात मी एकटीच. प्राचार्य परत तेच, "तत्त्वज्ञानाच्या बाई दवाखान्यात काय करून राह्यल्या?" प्राणिशास्त्राचे कोवे सर मधे पडले. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासात मला ओढलं त्यांनीच. रक्ताचं ते बघतात. तपासणीनंतर माणसांशी काय अन् कसं बोलायचं, ते माझ्याकडे. रजा मंजूर. सरांचे उपकार.

१२ जुलै, एटापल्ली
सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांमागे एसटी रखडत आली. आरोग्य केंद्रात रेश्मा आत्राम. माझी बी.ए.ची विद्यार्थिनी, आता इथं समुपदेशक. गोंडीत किती शांत बोलते! ऐकतच राहिले. पण तिच्या वरच्या साहेबांची सूचना अशी: मुलगा-मुलगी दोघंही वाहक निघाले तर "लग्न करू नका" सांगा. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण दोघं वाहक असले तर मूल आजारी निघू शकतं. खरंय. तरी हा सल्ला की हुकूम? यावर लेख लिहायचाच.

१३ जुलै
चहा घेताना रेश्मा म्हणाली, "मॅडम, मी अन् शामराव, आमी दोघंही वाहक आहो."
शामराव वनरक्षक. लग्न ठरलेलं, पण दोघं वाहक आहेत हे घरी अजून कोणाला माहीत नाही.
"तुमीच सांगा. करू का नको?"
मी मिलिंदचं सांगितलं. माझा धाकटा भाऊ, सिकलसेल होता त्याला. हातपाय दुखले की उशी चावायचा. अकरावीत असताना वारला. बरा असला की सगळ्या गल्लीच्या नकला करायचा, तेही सांगितलं.
ती म्हणाली, "बरं वाटलं, मॅडम." माझ्यावर एवढा विश्वास!

२० जुलै, बल्लारपूर
आईकडे. विचारलं, तुम्ही दोघं वाहक आहात हे तुला नि बाबांना लग्नाआधीच कळलं असतं तर?
भाजी निवडायची थांबली. "कळलं असतं तं मिलिंद झालाच नसता. तसं मले नाई पाह्यजे." परत निवडायला लागली अन् म्हणाली, "पण त्याचं ते कण्हणं... तेही नाई पाह्यजे."
किती वर्षांनी बोललो आम्ही त्याच्याबद्दल. दोघी रडलो. मग जेवलो.

९ ऑगस्ट, चंद्रपूर
लेख परत. पुण्याच्या नियतकालिकाचे संपादक म्हणतात, यात तत्त्वज्ञान कमी, आरोग्य जास्त. कोवे सर हसले. "माझ्या प्राणिशास्त्राच्या लोकाईले दाखवतो, ते म्हणतीन तत्त्वज्ञान जास्त." पुन्हा लिहीन. पुण्यात नोकरी नाही मिळाली तेव्हा केवढी रडले होते. मिळाली असती तर ही माणसं कुठली भेटायला?
दुपारी रेश्माचा फोन. "तुमी बोलल्या ते सारं शामरावले सांगतलं. तो म्हणते मॅडमले भेटू. उद्या येऊन राह्यलो."
"उत्तर नाही गं माझ्याकडे."
"नका देऊ. आमच्यासंग बसा फक्त."
गरोदरपणात बाळाची सिकलसेलसाठी तपासणी होते, त्याचं समजावून सांगायला सरांनाही बोलावलंय. रेश्मा नि शामराव सकाळीच येतील. पोहे करीन. त्यांनी विचारलंच, की मॅडम तुम्ही आमच्या जागी असत्या तर, तर आईचं ते दोन्ही "नाई पाह्यजे" सांगीन.