घोडकाठचा बेडूक, पाटसचा बेडूक

आषाढ, रविवार

बाई, इतकी वर्षं तुम्हाला काहीच लिहिलं नाही, माफ करा. सांगण्यासारखं काही हाती लागेपर्यंत थांबले होते. ते लागलं असं परवा वाटलं. आज तसं वाटत नाही.

शिरूरच्या कॉलेजातली आपली प्रयोगशाळा आठवते. तुम्ही दोन घमेल्यांत ओली माती भरली आहे. एकात घोड नदीकाठचा बेडूक, दुसऱ्यात दौंड तालुक्यातला, पाटसला तुमच्या माहेरच्या शेतात सापडलेला. दोघेही गोल, गुबगुबीत, मागच्या पायांनी माती उकरत पाठीकडून खाली रुतत चाललेले. पुस्तकात दोघांना एकच नाव. तुम्ही म्हणता, "या दोन जाती आहेत." विभागप्रमुख हसतात, "बाई, माहेरचा बेडूकसुद्धा वेगळा का?" तुम्हीही हसता. "माहेरचा म्हणून नाही, सर. एकदा ओरडताना ऐका तरी." कुणी ऐकायला गेलं नाही.

या पावसाळ्यात मी गेले. आधी पाय पाहिले. घोडकाठच्या बेडकाच्या टाचेजवळचा माती उकरायचा कठीण उंचवटा लांब दिसला, पण तो बेडूकच मोठा होता. मोठ्याचा लांब असणारच. म्हणून आवाजाकडे वळले. घोडकाठचा फोनवर आधीच टिपून घेतला होता, परवा संध्याकाळी पाटसचा घेतला. घोडकाठचा बेडूक सावकाश ओरडतो, पाटसचा भरभर. मला उसाच्या बांधावर बसलेली पाहून तुमचे भाऊ शेजारी येऊन टेकले.

"ताई बी अशीच बसायची. आई म्हणायची, हिला बेडकाच्याच घरी द्या."

मी त्यांना दोन्ही आवाज ऐकवले. फोन कानाला लावून त्यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकले.

"येगळंच हाय की! म्हंजी आमची ताई खरी व्हती?"

"होय, आप्पा."

त्यांनी टोपी काढली आणि तोंड पुसलं.

आज टिपण लिहायला घेतलं आणि अडले. घोडकाठी गेले त्या दिवशी सकाळपासून झड होती, डबकं गार होतं. पाटसला उघडीप, पाणी कोमट. गारव्यात बेडूक सावकाश ओरडतो, हे तुम्हीच शिकवलेलं. आणि मी पाण्याचं तापमान घेतलंच नाही. दोन जाती असतीलही. मी ऐकला तो फरक कदाचित नुसत्या पाण्याचा असेल.

खरं सांगते, बाई, मी बेडूक ऐकत नव्हते. तुम्ही खऱ्या ठराव्यात एवढंच ऐकायचं होतं.

उद्या, थर्मामीटर आणायला जाण्याआधी: आप्पांना फोन, ते ‘होय’ मागे घ्यायला.