दाखल रजिस्टर, सन १९७१, पान त्रेचाळीस

मी, नीळकंठ महादेवराव उमाळे, वय कागदावर ऐंशी पूर्ण, पेन्शनर, राहणार कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दम दिलेला नाही व काही पाजलेले नाही. रक्तदाबाची गोळी घेतली आहे (डबी दोनदा पाहिली, आजच्या वाराचा खण रिकामा आहे). माझे शिक्षण आठवी पास, नववी दोनदा नापास. तेव्हा कायद्याची भाषा चुकली असेल तेथे अर्थ धरावा. यापूर्वी लिहिलेली दोन मृत्युपत्रे मी फाडली आहेत. तिसरे सापडल्यास तेही फाडावे. मला वाटते ते नाही, पण खात्री नाही.

कलम १. माझे राहते दोन खोल्यांचे घर माझा एकुलता एक मुलगा पराग यास मिळावे. मागच्या खोलीतले बटण ओल्या हाताने लावू नये. हे तोंडी शंभर वेळा सांगून झाले, आता लेखी सांगतो.

कलम २. बँकेत जे निघेल ते सून अलका हिला. रात्री दाराची कडी लावली की नाही हे विचारायला मी तिला अवधपुरीला फोन करतो, म्हणजे तिच्या दाराची. तिने आजवर एकदाही फोन आपटलेला नाही.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे दाभण, सुतळी, लाकडी दाबपट्टी आणि खळ शिजवायचे पितळी भांडे, नात श्रुती हिला द्यावी. ती वह्या शिवून विकते आणि तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते. या हत्यारांनी मी बेचाळीस वर्षे जुन्या शहरातल्या लाल स्कूलची रजिस्टरे बांधली. नोकरी शिपायाची होती, बांधणीचे काम मी आपणहून घेतले. खळीत थोडे मोरचूद टाकावे, नाहीतर झुरळे खातात. मग हात धुवावेत. विसरू नये.

कलम ४. माझ्या पलंगाखालच्या पेटीत लाल स्कूलची तीन दाखल-खारिज रजिस्टरे आहेत. मूल शाळेत आले की त्यात दाखल होते, गेले की खारिज. ती सरकारची आहेत, माझी नाहीत, म्हणून मी ती कोणाला देऊ शकत नाही. पण माझ्या मरणानंतर पेटी उघडून कोणी मला चोर म्हणू नये, म्हणून खुलासा करतो. तीन वर्षांपूर्वी आमची शाळा दुसऱ्या मोठ्या शाळेत मिळवली गेली. कपाटे रिकामी झाली तेव्हा ही तिन्ही रद्दीच्या ढिगात होती. मी रिक्षा करून घरी आणली.

पहिले नवाबीतले, उर्दूत, उजवीकडून उघडणारे. दुसरे हिंदीत, त्यात सन छप्पन्नची पाने आहेत. नागपूरच्या कचेऱ्या उठून भोपाळला आल्या तेव्हा माझे वडील दफ्तरी म्हणून फायलींच्या ट्रकबरोबर आले, आणि एका आठवड्यात एकवीस मराठी मुले दाखल झाली. बाराखडी येणारी, पण भोपाळी थाटात "क्यों खां" म्हटले की गोंधळणारी. त्यांत मी आहे. तिसरे रजिस्टर सन सत्तरपासूनचे. खारिजच्या रकान्यात कारण लिहावे लागते: बदली, गैरहजर, फी नाही. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात विषारी वायू सुटल्यानंतर कित्येक दिवस वर्गांतून माणसे झोपली होती. शाळा उघडल्यावर हेडमास्तर पंडितजींनी अकरा नावांपुढे कारणाचा रकाना कोराच ठेवला. नंतर त्या मुलांचे आईबाप येत आणि त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहत. मी स्टूल देत असे. ही रजिस्टरे नव्या शाळेच्या प्राचार्यांना पावती घेऊन द्यावीत. पावतीशिवाय देऊ नयेत.

कलम ५. सक्सेनाबाबू, आमचे हेडक्लार्क, हयात असल्यास त्यांना कळवावे की उर्दू रजिस्टरला वाळवी लागली तेव्हा मी रजेवर होतो. वाळवी भिंतीतून आली होती आणि भिंत माझी नव्हती. तरी त्यांनी तपासणी साहेबांना माझे नाव सांगितले. मी माफ केले आहे. पण कळवावे.

कलम ६. हे कलम लिहिण्यासाठी मी आधीची दोन मृत्युपत्रे फाडली.

आमच्या शाळेत तेव्हा पहिलीपासून वर्ग होते. एक जुलैला शाळा उघडे. बहुतेक आईबापांना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसे. मग मुलाला उभे करून त्याचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. बोटे डाव्या कानाला लागली की सहा वर्षे पूर्ण. पंडितजी साल मागे मोजत आणि तारीख एक जुलै लिहीत. जुन्या भोपाळात त्यामुळे एक जुलैला जन्मलेली माणसे पैशाला पासरी आहेत. हात धरायचे काम माझे होते.

सन एकाहत्तरच्या एक जुलैला मी माझ्या परागचा हात धरला. तो पावणेपाच वर्षांचा होता. त्याची आई, माझी पत्नी कमलिनी, क्षयाच्या दवाखान्यात होती. घरी कोणी नव्हते. तो वर्गात बसला तर दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर राहील एवढेच माझ्या डोक्यात होते. बोटे कानाला लागत नव्हती, दोन बोटे कमी पडत होती. मी त्याची मान जरा वाकवली आणि "लागली" म्हणालो. पंडितजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि लिहिले: १ जुलै १९६५. पान त्रेचाळीस, ओळ सातवी.

मग भीती बसली. पोर बोलून गेले तर माझी नोकरी जाईल. मी त्याला पढवले, "तुझा वाढदिवस एक जुलै. कोणीही विचारलं तरी हेच सांगायचं."

तो म्हणाला, "आणि आईने विचारलं तर?"

मी म्हणालो, "तिलाही हेच."

रविवारी दवाखान्याच्या खिडकीबाहेर उभे राहून त्याने तिला तेच सांगितले. ती माझ्याकडे पाहून हसली. सप्टेंबरात ती गेली. खरी तारीख ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

अठ्ठ्याऐंशी साली पराग कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागला. तेव्हा कागद दाखवला तर तारीख दुरुस्त होत असे. त्याने विचारले, बाबा, माझी तारीख शाळेतलीच ना? मी म्हणालो, जी लिहिली आहे तीच. प्रसूतिगृहातून मिळालेली जन्माची चिठ्ठी तेव्हा कमलिनीच्या ट्रंकेत, तिच्या लुगड्याच्या घडीत होती. माझी अठरा वर्षांची नोकरी उरली होती आणि समोर सक्सेनाबाबू बसत. हे कारण सन दोन हजार सहाला माझ्या निवृत्तीबरोबर संपले. त्यानंतर गप्प राहण्याला माझ्याकडे कारणसुद्धा नाही.

खरी तारीख ९ नोव्हेंबर १९६६. म्हणजे कागदावर पराग एक वर्ष चार महिने आठ दिवसांनी मोठा आहे, आणि म्हणून येत्या तीस जूनलाच कारखान्यातून निवृत्त होतो आहे. आणि वर्गात तो सदा सगळ्यांत लहान, सगळ्यांत मागे. "मन लावत नाही" म्हणून मी त्याला मारले आहे.

कलम ७. हे सर्व परागला माझ्या मरणानंतर कळावे आणि चिठ्ठी तेव्हाच द्यावी असे मी येथे आधी लिहिले होते. साक्षीसाठी मागच्या रविवारी साकेत नगरहून शशिकलाबाई आल्या. त्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. रफ़त मियाँ आले, ते उर्दू शिकवत. बाईंनी सहावे व सातवे कलम वाचले आणि पेनला टोपण लावले.

"नीळकंठभाऊ, मेल्यावर सांगणार? मग त्याने ओरडायचं कोणावर, तुमच्या फोटोवर?"

रफ़त मियाँ म्हणाले, "खां, दस्तख़त मैं भी नहीं करूँगा. पहले लड़के से बोलो."

दोघांनी पोहे खाल्ले आणि सही न करता निघून गेले. म्हणून हे सातवे कलम रद्द.

कलम ८. बुधवारी पराग निमंत्रणपत्रिका दाखवायला आला. निवृत्ती आणि साठी एकत्र, एक जुलैला, अवधपुरीच्या हॉलमध्ये. मी त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली आणि जे वर लिहिले आहे ते सांगितले, मारल्याचेही. त्याने उभ्याने वाचली, मग बसून परत वाचली. एवढेच विचारले की अक्षर कोणाचे. मी म्हणालो, नर्सबाईंचे. चिठ्ठी खिशात घालून तो न जेवता गेला. गुरुवारी, शुक्रवारी फोन नाही. माझा फोन चालू आहे ना हे मी शेजाऱ्यांकडून लावून पाहिले, तीनदा.

काल, शनिवारी, तो अलकाला घेऊन आला. अलका म्हणाली की पत्रिका वाटून झाल्या, त्यावर षष्ट्यब्दीपूर्ती छापले आहे, आता लोकांना काय सांगायचे, की नवरा अठ्ठावन्नचाच निघाला? पराग तिला म्हणाला, "निवृत्तीचं जेवण होऊ दे. साठी पुढच्या वर्षी, नऊ नोव्हेंबरला." मग माझ्याकडे वळला.

"मला राग आलाय, बाबा. तो काही चार दिवसांत जायचा नाही. माझी खरी साठी आहे ती, तुम्ही तिथे पाहिजे."

मी म्हणालो की तेव्हा मला ब्याऐंशी पूर्ण झालेली असतील, माझा भरवसा धरू नकोस.

तो म्हणाला, "मी विचारत नाहीये."

कलम ९. वकील म्हणतील की अशी अट मृत्युपत्रात चालत नाही. तरी मी पूर्ण शुद्धीवर लिहितो: हे मृत्युपत्र दिनांक ९ नोव्हेंबर २०२६ च्या आधी कोणी वापरू नये. तोवर मला सवड नाही.

साक्षीदारांनी वरील सर्व वाचून आज माझ्यासमोर सह्या केल्या. मीही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: शशिकला देवघरे, निवृत्त शिक्षिका, साकेत नगर
साक्षीदार २: रफ़त अली, निवृत्त शिक्षक, जुने शहर

लिहून देणार: नीळकंठ महादेवराव उमाळे
ठिकाण: भोपाळ
दिनांक: १५ जून २०२५, रविवार